रिमोट कधी चालतो, कधी नाही: नवी चावी घेण्याआधी एवढं तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी सात वर्षांची, पातं उघडणारी रिमोटची चावी. गेले दोनेक महिने रिमोट लहरी झालाय. कधी पहिल्या दाबाला दार उघडतं, कधी पाच-सहा वेळा दाबावं लागतं. सेल दोनदा बदलला, दोन्ही वेळा काही दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. गाडी मात्र एकदाही सुरू व्हायची थांबली नाही. मेकॅनिक म्हणतो, रिमोट गेला, नवी चावी घेऊन कोडिंग करा, म्हणजे ती गाडीच्या संगणकात नोंदवून घ्या. घ्यावी का?

एवढ्या माहितीवर घेऊ नका. मेकॅनिक चुकीचंच सांगतोय असं नाही, पण तपासल्याशिवाय सांगतोय. तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी माझ्या दृष्टीने फार बोलक्या आहेत.

पहिली, गाडी सुरू होते. यावरून रिमोट चांगला की वाईट ते काहीच ठरत नाही, कारण चावीच्या त्या डबीत दोन वेगवेगळी कामं चालतात. दारं उघडणारा रिमोट सेलवर चालतो. इंजिन सुरू करायची परवानगी देणारी इमोबिलायझरची चिप सेलवर चालत नाही. चावी घालतो त्या कुलपाभोवती तारेचं एक वेटोळं असतं, ते साधारण १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करतं, त्यातूनच चिपला वीज मिळते आणि ती आपला क्रमांक सांगते. सेल काढून टाकला तरी अशी गाडी सुरू होते. त्यामुळे रिमोटपायी रस्त्यात अडकण्याची भीती नाही; दार पात्याने उघडता येतं. घाईने निर्णय घ्यायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सेल बदलला की काही दिवस बरं चालतं. यावरून सगळे सेललाच दोषी धरतात. पण सेल बदलताना तुम्ही आणखी काय काय करता ते बघा. डबी उघडता, जुना सेल खरवडत बाहेर काढता, नवा सरकवत आत बसवता, सेल धरणारी धातूची पत्ती थोडी वाकते, तिच्यावरचा मळ घासला जातो, डबी दाबून बंद करता. बरं वाटलं ते यातल्या कशामुळे, हे तुम्हाला ठाऊक नाही. नवा चांगला सेल रोजच्या वापरात वर्ष-दोन वर्षं सहज टिकतो. तो काही दिवसांत थकत असेल तर एक तर सेल मुळातच जुना होता, किंवा रिमोट आतून वीज खातोय, किंवा सेल ठीक आहे आणि त्याची वीज सर्किटपर्यंत धड पोचत नाही. माझा पहिला संशय तिसऱ्यावर.

पण आधी दोष कोणाच्या पदरात आहे ते ठरवू: चावीच्या, गाडीच्या, की मधल्या हवेच्या. त्यासाठी दुसरी चावी काढा, जी बहुतेकांकडे कपाटात पडलेली असते. आपली चावी रुसलेली असेल त्याच क्षणी, त्याच जागेवर उभं राहून दुसरी दाबा. घरी बसून, नंतर कधीतरी दाबली तर त्या चाचणीला अर्थ नाही. दुसरी पहिल्या दाबाला चालली आणि असं तीन-चारदा झालं, तर गाडी आणि हवा दोघी सुटल्या. दोन्ही चालल्या नाहीत तर नव्या चावीचा विषय तिथेच संपला, कारण दोष चावीत नाहीच. मात्र कपाटातल्या चावीचा सेलही वर्षानुवर्षं पडून म्हातारा झालेला असतो. म्हणून एकच नवा सेल घ्या आणि आलटून पालटून दोन्ही चाव्यांत घालून बघा.

दुसरं काम म्हणजे आठवडाभर नुसतं लक्ष ठेवणं. कधी चालतं, कधी नाही यालाही एक रीत असते. उघडायचं बटन रुसतं आणि बंद करायचं कायम चालतं का? अगदी काचेजवळ नेलं की हमखास चालतं का? एकाच ठराविक जागी त्रास होतो का? थंड सकाळी जास्त होतो का? डबी बोटांनी चिमटीत दाबून धरली की चालतं का? या पाच प्रश्नांची उत्तरं घेऊन तुम्ही एखाद्या जाणत्या माणसाकडे गेलात, तर त्याचं अर्धं काम झालेलं असतं. त्यातला शेवटचा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारतो. डबी आवळल्यावर रिमोट चालत असेल तर पत्ती किंवा झाळ (सोल्डरिंगचा टाका) सुटलेली आहे, दुसरं काही शोधायची गरज नाही.

आता सेलकडे या. चाव्यांत बहुधा सीआर २०३२ असतो. या आकड्यात मापच लिहिलेलं आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. सीआर २०२५ चा व्यास तोच, जाडी मात्र २.५. तो २०३२ च्या जागी आरामात बसतो, व्होल्ट दोघांचे ३ च, त्यामुळे कोणाला शंकाही येत नाही. पण त्या ०.७ मिलिमीटरच्या फरकाने पत्तीचा दाब जातो, आणि खिशात चावी हलली की संपर्क तुटतो-जुळतो. तुमच्या चावीच्या आत, सेलखालच्या प्लास्टिकवर, कोणता सेल हवा ते बहुधा कोरलेलं असतं. ते वाचा आणि आत्ता बसवलेला ताडून बघा. उलटही होतं: पातळ सेलच्या चावीत जाड सेल कोंबला की पत्ती कायमची चपटी होते, आणि नंतर बरोबर मापाचा सेल घातला तरी तो सैल बसतो.

मल्टिमीटर लावून ३ व्होल्ट आले म्हणून सेल चांगला, असं म्हणू नका. लिथियमचा हा सेल मरणपंथाला लागला तरी मोकळा मोजल्यावर ३ च्या आसपास दाखवत राहतो. कमी होते ती जोराने वीज द्यायची ताकद. बटन दाबल्यावर रिमोट क्षणभर दहा-पंधरा मिलिअँपिअर मागतो, आणि तेव्हा थकलेला सेल खाली बसतो. मोजायचंच असेल तर सेलच्या दोन टोकांना २२० ओहमचा रेझिस्टर लावा आणि तो लावलेला असतानाच दोन सेकंद व्होल्ट बघा. ताजा सेल २.८ च्या वर तग धरतो. अडीचच्या खाली घसरला तर फेकून द्या. थंडीत सेलचा अंतर्गत रोध वाढतो, म्हणून अर्धा संपलेला सेल पहाटे दगा देतो आणि दुपारी शहाण्यासारखा वागतो.

सेल विकत घेताना पाकिटावरची तारीख बघा, आणि बसवताना कडेला धरा. हल्ली काही कंपन्या लहान मुलांनी गिळू नये म्हणून सेलवर कडू लेप देतात. हेतू उत्तम आहे, पण तो लेप नेमका पत्तीच्या जागी आला तर काही उपकरणांत संपर्क नीट होत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने सेल पुसून घेतला की काम होतं. आणि काढलेला जुना सेल टेबलावर ठेवू नका. रिमोटच्या दृष्टीने तो मेलेला असला तरी मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजू शकतं. मुलाने गिळल्याची शंका जरी आली तरी थेट रुग्णालय गाठायचं.

एक अपवाद सांगून ठेवतो. काही महागड्या गाड्यांच्या जुन्या चाव्यांत रिचार्ज होणारा सेल असतो, गाडी चालू असताना चावी कुलपातच चार्ज होते. तिथे साधा सीआर सेल घालायचा नाही. साधा लिथियम सेल चार्ज करणं धोक्याचं असतं. चावीची डबी कायमची चिकटवलेली असेल, उघडायला खाचच नसेल, तर आधी गाडीचं पुस्तक बघा.

आता डबी उघडून सर्किट बाहेर काढा. मोबाईलचा कॅमेरा झूम करून किंवा भिंग लावून बघायच्या तीन जागा आहेत.

पहिली, सेल धरणारी पत्ती. तिचा रंग चांदीसारखा एकसारखा हवा. हिरवट किंवा पांढरी भुकटी दिसली तर कधीतरी पाणी किंवा घाम आत गेलाय. जुन्या दात घासायच्या ब्रशला अल्कोहोल लावून ती घासा, पुसा, नीट सुकू द्या. पॉलिश पेपर वापरू नका, पत्तीवरचा मुलामा निघून जातो आणि महिन्याभरात ती पुन्हा काळवंडते. मग टाचणीने पत्ती जरा वर उचला. जरा म्हणजे अगदी केसभर. एकदा मोडली की झाळून नवी बसवावी लागते.

दुसरी जागा म्हणजे त्याच पत्तीचे पाय जिथे सर्किटवर झाळलेले आहेत ती. दोष बहुतेक वेळा इथेच सापडतो आणि बहुतेक वेळा इथेच कोणी बघत नाही. चावी खिशात वाकते, हातातून पडते, सेल बदलताना स्क्रूड्रायव्हरचा रेटा बसतो; हे सगळे धक्के त्या दोन-तीन झाळांवर येतात. भिंगातून चांगली झाळ पायाला सगळीकडून बिलगलेली दिसते. फुटलेल्या झाळेत पायाभोवती बारीक काळी गोल रेघ दिसते, कधी अर्धीच. सेल बसवून, प्लास्टिकच्या काडीने पत्ती हलकेच ढकलत बटन दाबा. रिमोटवर लाल दिवा असेल तर तो त्या ढकलण्याबरोबर लुकलुकेल. थोडा फ्लक्स (झाळ नीट धरावी म्हणून लावायचा पदार्थ) लावून बारीक टोकाच्या सोल्डरिंगच्या इस्त्रीने त्या झाळांना पुन्हा गरम केलं की काम दोन मिनिटांचं आहे. इस्त्री हातात धरायची सवय नसेल तर मोबाईल दुरुस्त करणाऱ्याकडे नुसतं सर्किट घेऊन जा. तो हे रोज करतो. सेल काढून न्या, बसवलेल्या सेलवर उष्णता नको.

तिसरी जागा बटनाखालचे खटके. वरचं रबर फक्त दाब पोचवतं, खरा स्विच खाली असतो, चौकोनी, मध्ये छोटी टिकली. उघडायचं बटन रोज सगळ्यात जास्त दाबलं जातं, म्हणून तेच आधी मरतं. वरचं रबर बाजूला ठेवून खटका थेट बोथट काडीने दाबून बघा. टिक असा स्पष्ट आवाज आणि बोटाला झटका जाणवला पाहिजे. एक खटका मऊ, मुका लागला आणि बाकीचे टिकटिक करत असतील तर दोषी सापडला. कधी खटका ठणठणीत असतो आणि रबराच्या आतल्या बाजूची गाठ झिजलेली असते, त्यामुळे दाब खालपर्यंत पोचतच नाही. तेव्हा फक्त नवी डबी लागते.

नव्या डबीबद्दल एक सावधगिरी. पातं उघडणाऱ्या बऱ्याच चाव्यांत इमोबिलायझरची चिप सर्किटवर नसते. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी काचेची नळी किंवा काळी वडी, पात्याच्या मुळाशी प्लास्टिकच्या कोनाड्यात चिकटवलेली असते. लोक सर्किट आणि पातं नव्या डबीत हलवतात, जुनी डबी कचऱ्यात टाकतात, रिमोट मस्त चालतो, आणि गाडी काही सुरू होत नाही. गाडी नव्या डबीने दोनदा सुरू करून बंद करेपर्यंत जुनी डबी सांभाळून ठेवा.

चावी एकदा जोरात पडल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर चौथी शक्यता आहे. रिमोट ठरावीक लहरीवर (फ्रिक्वेन्सीवर) बोलतो, पुष्कळ देशांत ४३३.९२ मेगाहर्ट्झ, उत्तर अमेरिकेत आणि जपानात बहुधा ३१५. ती लहर धरून ठेवणारा स्फटिक किंवा रेझोनेटर आपटण्याने तडकतो, आणि रिमोट थोडा सरकून भलतीकडेच बोलायला लागतो. दिवा लागतो, बटन चालतं, पण गाडीला अगदी जवळूनच ऐकू येतं. हे डोळ्यांना दिसत नाही. चावीवाल्यांकडे लहर मोजायचं छोटं यंत्र असतं, दहा सेकंदांचं काम आहे, तेवढं करून मागा. मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बघण्याचा उपाय इथे निरुपयोगी आहे. तो टीव्हीच्या इन्फ्रारेड रिमोटसाठी ठीक.

रिमोट हनुवटीला टेकवून दाबला की लांबून चालतो ही भाकडकथा नाही. डोकं आणि शरीर लहर पसरवायला हातभार लावतं, पल्ला खरंच वाढतो. त्याचा उपयोग चाचणी म्हणून करा. हनुवटीला लावून नेहमी चालतो आणि हातात धरून नाही, म्हणजे रिमोट बोलतोय पण दबक्या आवाजात.

दुसरी चावीही तशीच वागली तर काय, ते आता थोडक्यात. त्रास एकाच जागी होत असेल तर हवेत गोंगाट आहे. दाराची बिनतारी घंटा, फाटकाचे रिमोट, हवामान दाखवणारे सेन्सर, टायरचा दाब सांगणारे सेन्सर, सगळे याच लहरींच्या आसपास बोलतात, आणि त्यातलं एखादं बिघडून सतत बोलत राहिलं की आजूबाजूच्या गाड्यांना काहीच ऐकू येत नाही. शेजारी उभ्या गाडीवाल्याला विचारा. त्यालाही त्रास असेल तर उत्तर मिळालं. गोंगाट आपल्याच गाडीतही असू शकतो. स्वस्त मोबाईल चार्जर, डॅशकॅम, नंतर बसवलेले एलईडी दिवे. सगळं उपसून एक दिवस बघा. अनोळखी जागी लॉकचं बटन दाबून काहीच झालं नाही तर मात्र तसंच निघून जाऊ नका, हँडल ओढून खात्री करा. मुद्दाम रिमोटचा सिग्नल अडवून गाड्या उघड्या ठेवायला लावणारे चोरही असतात.

गाडीच्या बाजूने पाहायचं तर आतलं सेंट्रल लॉकिंगचं बटन दाबा. त्यानेही एखादं दार रुसत असेल तर रिमोटचा काही संबंध नाही, त्या दाराची मोटर थकलीय. रिमोट दाबल्यावर इंडिकेटर लुकलुकतात पण दार उघडत नाही, तरीही तेच, निरोप पोचलाय. लॉक होऊन लगेच उघडतं तेव्हा बहुधा एखादं दार किंवा डिकी नीट लागलेली नसते, किंवा लॅचमधला स्विच तसं समजतो. धातूचा अंश असलेली सनफिल्म लावल्यापासून पल्ला कमी झाला असेल तर कारण तीच. आणि गाडीची मोठी बॅटरी मलूल असेल तर रिसीव्हरही मलूल. बराच काळ उभी राहिलेली गाडी वीज वाचवण्यासाठी काही सोयी स्वतःहून बंद करते.

कोडिंगबद्दल बोलायला हवं, कारण नवी चावी त्याच नावाने गळ्यात मारली जाते. रिमोट दर दाबाला नवा कोड पाठवतो. चावी आणि गाडी दोघींकडे एकाच क्रमाचं पावतीपुस्तक असल्यासारखं समजा. गाडी शेवटची पावती लक्षात ठेवते आणि तिच्या पुढचीच स्वीकारते, मागची कधीच नाही. म्हणून कोणी तुमचा सिग्नल पकडून तोच पुन्हा वाजवला तर उपयोग होत नाही. गाडीपासून लांब बटन दाबलं की पुस्तक पुढे जातं, गाडीला कळत नाही, म्हणून ती थोडी पुढची पावतीही चालवून घेते. या कामी खूप वापरल्या गेलेल्या कीलॉक पद्धतीत सोळापर्यंत पुढचा कोड लगेच चालतो. त्याहून पुढे गेलं तर लागोपाठ दोन कोड ऐकले की गाडी पुन्हा ताळमेळ बसवते. मुलाने दुपारभर चावीशी खेळल्यावर पहिला दाब वाया जातो आणि दुसऱ्याला दार उघडतं, त्याचं हेच कारण. आता तुमच्या रिमोटकडे बघा. ताळमेळ खरंच तुटलेला रिमोट सरळ बंद पडतो. दिवसातून चारदा चालणारा आणि तीनदा न चालणारा रिमोट गाडी ओळखते आहे, हे उघड आहे. त्याला पुन्हा कोडिंग करून काही साधणार नाही.

पुश बटनाच्या गाडीत, चावी खिशातच ठेवून दार उघडतं तिथे, आणखी एक भानगड असते. गाडी १२५ किलोहर्ट्झच्या आसपास हाक मारते, चावी जागी होते आणि रिमोटच्या नेहमीच्या मेगाहर्ट्झच्या लहरीवर उत्तर देते. मोबाईलचे बिनतारी चार्जर साधारण ११० ते २०५ किलोहर्ट्झमध्ये काम करतात, म्हणजे त्याच गल्लीत. चार्जरच्या पाटाशेजारच्या खाचेत चावी ठेवली की चावी गाडीत नाही असा इशारा येतो, आणि माणूस चावी बदलायला निघतो. चावी दुसऱ्या खिशात ठेवून बघा. अशी चावी गाडीला अगदी लागून असलेल्या खोलीत टांगली तर ती रात्रभर हाकेला उत्तर देत राहते आणि सेल लवकर संपतो. सेल पूर्ण संपला तरी चावी स्टार्ट बटनाला टेकवून गाडी सुरू होते, किंवा गाडीत त्यासाठी ठरलेली जागा असते.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा: आधी दुसऱ्या चावीशी तुलना, मग सेलचं माप, मग पत्ती आणि तिच्या झाळा, मग उघडायचा खटका. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून हा क्रम संपायच्या आत दोष हाती लागावा. लागलाच नाही, लहर मोजून ती सरकलेली निघाली किंवा सर्किटच कुजलेलं दिसलं, तर नवी चावी घ्यावीच लागेल. तेव्हा कोडिंगला जाताना घरातल्या सगळ्या चाव्या बरोबर न्या. बऱ्याच गाड्यांत नवी चावी नोंदवताना जुनी यादी पुसली जाते आणि त्या वेळी समोर नसलेली चावी बाद होते. मग कपाटातल्या चांगल्या चावीने दारही उघडत नाही आणि इंजिनही सुरू होत नाही. काम झाल्यावर तिथून निघण्याआधी प्रत्येक चावीने गाडी एकदा उघडा, एकदा सुरू करा.